एक उत्तर, पाच कार्डं

"तुमच्याकडे तयारीला एक मिनिट आहे," मॅडम इंग्रजीत म्हणाल्या आणि त्यांनी माझ्यापुढे कार्ड सरकवलं.

कार्डावर होतं: तुमच्या आवडत्या खेळाबद्दल बोला. तो कुठे शिकलात, कुणाबरोबर खेळलात आणि तो तुम्हाला का आवडतो.

मला हसू आवरेना. देव पावला म्हणतात तो असा. पुण्यातल्या एका हॉटेलची तिसऱ्या मजल्यावरची खोली, पलंग हलवून तिथं टेबल मांडलेलं, टेबलावर आवाज टिपून घेणारं छोटं यंत्र, एसी एवढा की माझ्या हातावर काटा आलेला. आणि कार्डावर काय, तर खेळ! मी त्या मिनिटात कागदावर एक अक्षर लिहिलं नाही. पेन्सिल धरून नुसती बसून राहिले.

इंग्लंडला नर्स म्हणून जायचं तर ही इंग्रजीची परीक्षा पार करावी लागायची. आधीच्या खेपेला माझं बाकी सगळं निघालं होतं, फक्त बोलण्यात सहा आले होते. सात हवे होते. तिकडच्या एका हॉस्पिटलचं पत्र माझ्या पेटीत होतं आणि त्याची मुदत मार्चअखेर संपत होती. हा फेब्रुवारी होता. म्हणजे आज सात आले तर आले, नाहीतर मिरजेचा जनरल वॉर्ड आहेच पाचवीला पुजलेला.

वय चोवीस होतं माझं. मला जायचंच होतं. आणि मनाशी एक पक्कं केलं होतं, की पहिल्या पगारात शालनताईला कानाचं भारीतलं मशीन घ्यायचं. ताई माझ्याहून दीड वर्षानं मोठी. तिला फार कमी ऐकू येतं. तिच्याशी बोलायचं तर तिच्या समोर बसावं लागतं, ती आपल्या ओठांकडे बघते आणि समजून घेते. तिच्याकडे होतं ते स्वस्तातलं मशीन सारखं कुईकुई करायचं, म्हणून ती ते साखरेच्या रिकाम्या डब्यात ठेवून द्यायची. नवीन मशीन तिच्या हातावर ठेवलं की मग मला तिच्याशी दुसरं काही बोलावं लागणार नाही, असं मी मनात धरून चालले होते.

"करा सुरुवात," मॅडम म्हणाल्या.

सुरुवात करण्याआधी तेरदाळे सरांबद्दल सांगायला हवं, कारण माझं तोंड उघडलं ते त्यांनी.

मिरजेत एका बॅटरीच्या दुकानावर त्यांचा क्लास होता. तासगाव आणि इस्लामपुरातही बॅचेस चालायच्या. पन्नाशीचा माणूस, अर्ध्या बाह्यांचा शर्ट, खिशाला दोन पेनं, जाड भिंगांचा चष्मा. सरांकडे गेलेला माणूस विमानात बसतोच, असं नर्सिंगच्या पोरी म्हणायच्या. मी चारला ड्युटी संपवून जायची. वर्गात उभं केलं की माझं इंग्रजी पोटात जायचं, आणि पोटातून वर आलं तरी पाठ केलेलंच यायचं.

"माय फेवरिट स्पोर्ट इज क्रिकेट," मी एकदा सुरू केलं. "इट इज प्लेड बिटवीन टू टीम्स ऑफ इलेव्हन प्लेयर्स..."

"थांब," सर म्हणाले. "कधी बॅट धरलीयस का हातात?"

"नाही सर."

"मग?"

"सगळे क्रिकेटच सांगतात, सर."

सर हसले. त्या दिवशी वर्ग सुटल्यावर त्यांनी मला थांबवून घेतलं. "वैजयंता, पाठ केलेलं बोलणारा माणूस छताकडं बघतो. तू छताकडंच बघतेस. परीक्षक काय बावळट असतो काय? तुझं खरं काहीतरी सांग. चुकत सांग, अडखळत सांग, पण तुझं सांग. काय खेळायचीस तू?"

"खो-खो."

"मग झालं तर. खो-खोचं सांग. एखादा दिवस सांग, जो अजून तुझ्या डोक्यातनं गेला नाही."

असा एकच दिवस होता. तो मी आईला सांगितला नव्हता, मैत्रिणींना नाही, कुणालाच नाही. पण सर म्हणाले आणि मी सांगायला लागले, तेही इंग्रजीत. खरी मेख इथंच होती. मराठीत मला पहिलं वाक्यसुद्धा पुरं करता आलं नसतं. इंग्रजी शब्दांना माझ्या लेखी वजनच नव्हतं; 'लाय' म्हणायला काय जातंय, 'खोटं बोलले' म्हणताना जीभ जड होते. शिवाय आमच्या गावाकडं कोण इंग्रजी ऐकतंय? इंग्रजीत सांगितलेलं गुपित हे कुलपातच राहतं, असं मला त्या दिवशी अगदी मनापासून वाटलं होतं. एवढी शहाणी मी!

तासभर लागला. माझं सांगून झालं तेव्हा सरांनी चष्मा काढला, रुमालानं पुसला, पुन्हा घातला.

"हे कुणाला बोललीयस?"

"नाही सर."

"बहिणीला?"

"तिला तर नाहीच."

"बरं," सर म्हणाले. "माझ्यापाशी राहील."

ते बोलता बोलता त्यांच्या वहीत काही लिहीत होते. मला वाटलं, माझ्या चुका टिपताहेत. चुका त्यांनी सांगितल्याही. मग आठ दिवस रोज संध्याकाळी त्यांनी ती हकीकत माझ्याकडून सांगवून घेतली. पाठ करू दिली नाही. "विसर आणि परत सांग," म्हणायचे. नवव्या दिवशी मी अडखळले नाही आणि छताकडेही बघितलं नाही. पुण्याला निघायच्या आदल्या दिवशी मी सरांच्या पाया पडले. वडील गेल्यानंतर मी कुणा पुरुषमाणसाच्या पाया पडले नव्हते.

तर, मी मॅडमना सांगायला लागले.

आमचं गाव तासगावच्या पलीकडचं. शाळेला पटांगण सोडून काही धड नव्हतं, म्हणून आम्ही खो-खो खेळायचो. दोन खांब, मधे एक पट्टा, पट्ट्यावर आठ जणी एकआड एक तोंड फिरवून बसलेल्या, नववी पाठलाग करणारी. तिनं मधला पट्टा ओलांडायचा नाही. ज्या बाजूला पळायला लागली ती बाजू सोडून मागं फिरायचं नाही. मागं यायचं असेल तर बसलेल्या एखादीच्या पाठीवर हात मारून खो द्यायचा, मग ती उठून पळणार. मॅडम ऐकत होत्या. त्यांचे केस पांढरे, कापलेले, गळ्यात मोत्यांची एकपदरी माळ. चेहऱ्यावर काही नव्हतं. तो त्यांच्या कामाचाच भाग असावा, असं मी धरलं.

मग मी शालनताईकडे आले. ताई आमची कप्तान. तिच्यासारखं खांबाला वळण घेणारं तालुक्यात कुणी नव्हतं. पण आठवीपासून तिचे कान जायला लागले होते, आणि ते घरात आई, ताई आणि मी सोडून कुणालाही माहीत नव्हतं. पोरीच्या लग्नाच्या वेळी नडेल म्हणून आईनं तोंड शिवलं होतं. खो-खोत तसं ऐकू नाही आलं तरी निभतं. पाठीवर थाप पडली की उठायचं. अडचण फक्त पंचाच्या शिट्टीची. पळताना फाऊल झाला की शिट्टी होते, आणि मग पळणारीनं तिथंच थांबून उलट्या दिशेला जायचं असतं. ते केल्याशिवाय पुढं कुणाला शिवलं तरी ती बाद धरत नाहीत. म्हणून आम्ही बहिणींनी एक ठरवलं होतं. शिट्टी झाली की मी बसल्या जागेवरून उजवा हात वर करायचा. ताई डोळ्यांच्या कोपऱ्यातून बघायची आणि वळायची. दोन वर्षं हे चाललं. पी. टी.च्या सरांनासुद्धा संशय आला नाही.

हे सांगताना मॅडमनी एकदा घड्याळाकडे बघितलं. तरी मी जोरात होते.

मग जिल्ह्याची फायनल. सांगलीचं मैदान. शेवटची पाळी, पाठलाग आमचा, आणि दोन गडी बाद केले की सामना आमचा. एक झाली. दुसरीच्या मागं ताई स्वतः. मी तिसऱ्या चौकोनात, पंचांच्या बाजूला तोंड करून बसलेले. ताईचा पाय पट्ट्यावर पडला, शिट्टी झाली. वेळ अजून होता.

"मी शिट्टी ऐकली," मी म्हणाले आणि पुढचं वाक्य बोलायच्या आधी श्वास घेतला. त्या वाक्याआधी मला नेहमी श्वास घ्यावा लागायचा.

"आणि तुम्ही हात वर केला नाही," मॅडम म्हणाल्या.

हळू आवाजात म्हणाल्या. दुपारपर्यंत दमलेलं माणूस म्हणतं तसं. माझा श्वास आत घेतलेला आतच राहिला. जगात ते वाक्य मला आणि सरांना सोडून कुणालाही ठाऊक नव्हतं, आणि ते मोत्याची माळ घातलेल्या एका अनोळखी बाईच्या तोंडात होतं.

"मग बऱ्याच वर्षांनी तुम्ही बहिणीची माफी मागितलीत," त्या पुढं म्हणाल्या. "तिनं तुम्हाला पोटाशी धरलं आणि तुम्ही दोघी रडलात. बरोबर?"

"नो, मॅडम," मी म्हणाले. "शी डझ नॉट नो."

त्यांनी क्षणभर माझ्याकडे बघितलं. त्या बघण्यात काहीतरी होतं, असं मला पुढं कितीतरी वर्षं वाटत राहिलं. पण त्यांनी पान उलटलं.

"ठीक आहे. आपण दुसऱ्या विषयावर बोलू. तुमच्या शहरात कचऱ्याची व्यवस्था कशी आहे?"

कचऱ्यावर मी काय बोलले ते मला आजही सांगता येणार नाही. बहुतेक छताकडे बघत बोलले.

खाली हॉटेलच्या दारापाशी सोफ्यावर टाय लावलेला एक मुलगा बसला होता. हातात घडी पडलेला कागद, डोळे मिटलेले, ओठ हलताहेत. मी शेजारी टेकले.

"काय ओ ताई, झालं का तुमचं?" त्यानं डोळे उघडले. "मॅडम कशा हायत? खडूस हायत म्हनं?"

"कुठले तुम्ही?"

"इस्लामपूर. इरफान मुल्ला. तेरदाळे सरांची बॅच. आता माझा नंबर." आणि त्यानं पुन्हा डोळे मिटले. "माय एल्डर सिस्टर शालन वॉज द कॅप्टन ऑफ अवर..."

मी त्याच्या हातातला कागद ओढून घेतला. तो "अवो, अवो" करत राहिला.

झेरॉक्स होती. वर ठळक टाईप केलेलं: उत्तर क्रमांक चौदा. त्याखाली मराठीत: हे एक उत्तर पाच कार्डांना चालेल – आवडता खेळ, बालपणीची आठवण, आवडती व्यक्ती, तुमच्या हातून झालेली चूक, तुम्ही ज्याची माफी मागितली अशी व्यक्ती. आणि मग इंग्रजीत मी. माझं गाव, माझं पटांगण, आईनं शिवलेलं तोंड. फायनलच्या सकाळी ताईनं मला धावणाऱ्यांच्या पहिल्या तुकडीतून काढून मंदाला घातलं आणि सगळ्यांसमोर "वैजीचा दम तोकडा हाय" म्हणाली, तेही होतं. मी दिवसभर फुरंगटून बसले होते, तेही होतं. शिट्टी झाली तेव्हा माझा हात मांडीवर होता आणि मी तो मुद्दाम मांडीवरच ठेवला. पळू दे हिला, कळू दे तोकडा दम कुणाचा ते. ताई पळत राहिली, तिनं त्या पोरीला शिवलं, दोन्ही हात वर करून नाचायला लागली, पंच शिट्टी वाजवतच होते, वेळ संपला आणि सगळं मैदान हसलं. "बहिरी हाईस काय गं!" पी. टी.चे सर ओरडले, तर लोक आणखी हसले.

आणि परत येताना टेम्पोत ताईनं माझ्या तोंडाकडे बघत विचारलं, "वैजे, शिट्टी झालती का गं?" मी म्हटलं, "मलाबी न्हाई ऐकू आली." तेही होतं. ताई त्यानंतर कधी पटांगणावर गेली नाही, तेही. एक शब्द सरांनी सांडला नव्हता.

शेवटचं वाक्य तेवढं माझं नव्हतं. 'अनेक वर्षांनी मी तिची माफी मागितली. तिने मला पोटाशी धरले. आम्ही दोघी रडलो. त्या दिवशी मला खेळाचा खरा अर्थ कळला.'

"तुम्हाला बहीण आहे?" मी इरफानला विचारलं.

"न्हाई ओ. आमी तिघं भाऊच. सरांनी सांगितलंय, पोरांनी 'वुई प्लेड ॲज चिल्ड्रन' म्हणायचं. आन् नाव बदलायचं न्हाई, खऱ्या नावानं उत्तर खरं वाटतंय म्हणले." तो कळवळून म्हणाला, "द्या की ताई. सकाळधरनं आमच्यातल्या सहा जणांनी ह्येच ठोकलंय."

"म्हणूनच म्हणू नका. मॅडमना पाठ झालंय."

तो पांढरा पडला. "मग मी काय सांगू?"

"काय खेळता?"

"कॅरम."

"मग कॅरम सांगा."

इरफान कॅरमवर इंग्लंडला गेला. तिकडून दोन वर्षं मला ईदला आणि दिवाळीला न चुकता फोन करायचा.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मी क्लासला गेले. बॅच सुरू व्हायला वेळ होता. सर फळा पुसत होते.

"ये, ये! कसं झालं? कार्ड कुठलं आलं?"

मी कागद टेबलावर ठेवला. मला वाटलं होतं, सर दचकतील. त्यांनी तो उचलला, बघितला आणि म्हणाले, "हे तुला कशाला लागतंय? तुझंच तर आहे."

"सर, तुम्ही म्हणाला होता, तुमच्यापाशी राहील."

"राहिलंय की. तुझं नाव कुठं घातलंय मी?"

"ताईचं आहे."

"शालन नावाच्या तालुक्यात शंभर सापडतील."

"सर, मॅडमनी माझं वाक्य माझ्याआधी म्हटलं!" माझा आवाज चढला. वॉर्डात मी वॉर्डबॉयवरसुद्धा आवाज चढवत नाही. "माझं खरं होतं आणि त्यांना मी चोर वाटले! सात जणांत खरी मी एकटी!"

सर खुर्चीत बसले. त्यांच्या तोंडावर पहिल्यांदा काहीतरी हललं. "आज काय तारीख?" ते म्हणाले. "पोरांना कागद दिला तेव्हा तुझी परीक्षा पुढच्या महिन्यात धरली होती मी. ह्या पोरांची ह्या महिन्यात. मी तसंच ठरवून..."

"बारा फेब्रुवारी. तुम्हीच भरलात फॉर्म."

सरांनी चष्मा काढला, रुमालानं पुसला, पुन्हा घातला. ते बघितलं आणि मला उमगलं. मी हकीकत सांगून संपवली त्या दिवशी त्यांनी असाच चष्मा पुसला होता आणि मला वाटलं होतं, सरांचे डोळे भरून आलेत. ती त्यांची नुसती सवय होती. विचार करायचा असला की ते चष्मा पुसायचे. त्या दिवशीही त्यांनी विचारच केला होता.

"वैजयंता, ऐक," सर म्हणाले, आणि अगदी समजुतीच्या सुरात म्हणाले. "मी वीस वर्षं क्रिकेटची मेलेली उत्तरं ऐकतोय. तुझं उत्तर खरं होतं. खरं होतं म्हणून तर दिलं पोरांना. ह्यापेक्षा मोठा मान काय असतो?"

"मग शेवट का बदललात?"

"तुझ्याला शेवटच नव्हता. अर्धवट होतं. परीक्षकाला शेवट गोड लागतो."

ह्यावर मला शिवी द्यायची होती. आमच्या गावाकडं फार चांगल्या शिव्या आहेत. पण बॅचची पोरं जिन्यावरून वर यायला लागली होती, आणि सर उठून त्यांना "गुड ईव्हनिंग" म्हणाले. मी कागद उचलून पर्समध्ये टाकला आणि खाली आले. बॅटरीवाल्याच्या दुकानासमोर उभी राहून मी रडले. त्यानं खुर्ची दिली, पाणी दिलं, काही विचारलं नाही.

बोलण्यात पुन्हा सहाच आले. मार्च संपला, पत्र गेलं. मी परत बसले नाही. आज त्याला सतरा वर्षं झाली, मी मिरजेत त्याच दवाखान्यात सिस्टर इन्चार्ज आहे. उत्तर क्रमांक चौदा अजून फिरतं. गेल्या वर्षी आमच्या वॉर्डातली एक नवी पोरगी सलाईन लावताना पुटपुटत होती. मी ऐकून न ऐकल्यासारखं केलं. त्या कागदात ताई मला दर वर्षी माफ करते.

पण सांगायचं राहिलं ते त्या रविवारचं. निकाल लागायचा होता. सरांशी बोलणं झाल्यानंतर चार दिवस मी कुणाशी धड बोलले नव्हते, आणि मला एवढंच कळत होतं की ताईकडे जायचं आणि तिच्यापुढं मन मोकळं करायचं. लहानपणापासून माझं असंच. कुणी मारलं, कुणी फसवलं, की धावत ताईकडं.

ताईचं सासर तासगावजवळच. दाजींच्या द्राक्षबागेचे बेदाणे ती पुढच्या पडवीत निवडत बसली होती. काड्या एका बाजूला, डागी एका बाजूला. मी तिच्या समोर बसले. तिनं वर बघितलं.

"तोंड का उतारलंय गं? परीक्षा कशी झाली?"

"ताई, सरांनी मला दगा दिला." मी ओठ स्पष्ट हलवत सांगितलं. "माझा घात केला बघ. माझं उत्तर सगळ्या पोरांना वाटून टाकलं."

"कसलं उत्तर?"

मी थांबले. एवढी रडत आले होते, एवढी खरी म्हणून भांडून आले होते, आणि तिथं थांबले.

"असंच," मी म्हटलं. "खेळाचं. क्रिकेटचं."

ताई माझ्या ओठांकडे बघत राहिली. मग उठली, आत गेली. साखरेच्या डब्याचं झाकण वाजलं. कानाचं मशीन असायचं त्याच डब्यातून तिनं आणलेला कागद माझ्यापुढं ठेवला.

उत्तर क्रमांक चौदा होतं. प्रत्येक इंग्रजी ओळीखाली पेन्सिलीनं, बारीक अक्षरात मराठी शब्द लिहिले होते. ताईला दहावीला इंग्रजीत अडतीस होते.

"अमर भावजी जात्यात तासगावच्या बॅचला," ती म्हणाली. अमर तिचा धाकटा दीर. मला माहीत नव्हतं तो तिथं जातो ते. "म्हणले, वहिनी, तुमचं नाव छापून आलंय. त्यांची डिक्शनरी घेतली. चार दिस लागलं मला."

तिनं बोट कागदावर ठेवलं. बोट खाली खाली यायला लागलं. पटांगण. आई. मंदा. शिट्टी. माझा हात. मी बघत होते. ते बोट त्या ओळीवर थांबणार म्हणून मी जीव मुठीत धरून बसले होते. थांबलं नाही. टेम्पोवरही थांबलं नाही. अगदी शेवटच्या ओळीवर जाऊन थांबलं.

"हितवर समजलं मला," ताई म्हणाली. "ह्ये तेवढं समजंना. हितं लिवलंय, तू माझी माफी मागितलीस, आन् मी तुला पोटाशी धरलं."

तिनं मान वर केली आणि माझ्या ओठांकडे बघितलं. टेम्पोत बघितलं होतं अगदी तसंच.

"कवा गं?"

माझे ओठ हलले नाहीत. ताईनं वाट बघितली. बराच वेळ बघितली. मग तिनं कागद घडी घालून बाजूला ठेवला, मान खाली घातली आणि बेदाणे निवडायला लागली.

ताईनं मान खाली घातली की तिच्याशी कुणाला बोलता येत नाही. तेव्हा मी बोलायला लागले. मराठीत, आयुष्यात पहिल्यांदा, सगळं, सकाळच्या तुकडीपासून टेम्पोपर्यंत, आणि माफ कर म्हणाले, चार-पाच वेळा म्हणाले. काड्या एका बाजूला पडत होत्या, डागी एका बाजूला. तिनं एकदाही वर बघितलं नाही.